चेंबर ऑफ कॉमर्समधलं सारण

बोलोन्या, डिसेंबर

डिसेंबर लागला की बोलोन्यातल्या घरांत जेवणाचं टेबल जेवणासाठी मोकळं मिळत नाही. त्यावर भली मोठी लाकडी फळी पसरलेली असते, पीठ सांडलेलं असतं आणि भोवती आजी, आत्या, सुना, हाताशी येतील ती मुलं बसलेली असतात. नाताळच्या जेवणात निवळ सूप हवं आणि त्यात तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्ताच्या चिमुकल्या घड्या, हव्यात. सूप खच्ची केलेल्या कोंबड्याचं असतं, बहुतेकदा जोडीला गोमांसाचा तुकडा आणि हाडं घालून मंद आचेवर काही तास उकळलेलं. तोर्तेलिनी इतक्या लहान असतात की चमच्यात दोन-तीन सहज मावाव्यात. त्यामुळे त्या शेकड्यांनी कराव्या लागतात, आणि ते एकटीदुकटीचं काम नव्हे.

या शहराने आपलं सारण सरकारदरबारी नोंदवून ठेवलं आहे. 7 डिसेंबर 1974 रोजी तोर्तेलिनीच्या भक्तांचं एक मंडळ आणि इटलीची पाककला अकादमी यांनी मिळून बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये अधिकृत कृती जमा केली. डुकराच्या पाठीचं मांस, खारवून सुकवलेला प्रोशुत्तो आणि मोर्तादेल्ला हे तिन्ही समान, पार्मिजानो चीज त्यांच्या दीडपट, शिवाय अंडी आणि जायफळ. बस्स.  त्याआधी 1972 मध्ये तालियातेल्ले या लांब पट्ट्यांची रुंदीही अशीच नोंदवली गेली होती: शिजल्यावर 8 मिलिमीटर.

एवढं शिक्कामोर्तब झाल्यावर वाद मिटायला हवे होते. पण मांस कच्चंच वाटावं की आधी लोण्यावर परतावं, यावर दोन शेजारणींचं एकमत होत नाही. मोदेना रेल्वेने अर्ध्या तासावर. तिथले लोक तोर्तेलिनी आपलीच म्हणतात. दोन्ही शहरांच्या मधलं कास्तेलफ्रांको एमिलिया तर आणखी पुढे जातं. तिथली आख्यायिका अशी, की एका खानावळवाल्याने किल्लीच्या भोकातून व्हीनस देवीला पाहिलं आणि तिच्या बेंबीचा आकार कणकेत उतरवला. खानावळवाल्याला शिक्षा झाल्याचं मात्र कुठे ऐकिवात नाही.

इटलीत भरलेला पास्ता हा खरं तर गावागावाचा मामला आहे. तासाभराच्या प्रवासात सारण बदलतं. फेर्रारात लाल भोपळा. मांतोव्यात त्याच भोपळ्यात बदामी चवीची आमारेत्ती बिस्किटं आणि मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा. पीमाँतमध्ये उरलेल्या भाजलेल्या मांसाचं सारण, चिमटीने बंद केलेलं. कोर्तिनाच्या डोंगरात बीट, वर खसखस. लिग्युरियात रानभाज्या आणि अक्रोडाची चटणी. दुसऱ्या गावाचं सारण सहसा कुणी घरी करत नाही. ते खायला त्या गावाला जायचं असतं.

कृती ऐकायला सोपी आहे. 100 ग्रॅम बारीक मैद्याला एक अंडं. पाणी नाही, तेल नाही, आणि बऱ्याच घरांत मीठही नाही. दहा-पंधरा मिनिटं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. मग जवळजवळ हातभर लांबीच्या लाटण्याने भली मोठी पोळी लाटायची. लाकडी फळीचा आग्रह उगाच नाही: तिच्यावर पोळीला किंचित खरखरीतपणा येतो, यंत्राच्या गुळगुळीत रुळांतून तो येत नाही. पोळी उजेडाला धरली की पलीकडे टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसावं, असं इथे म्हणतात. त्यानंतर मात्र घाई. पोळी सुकली तर कडा चिकटत नाहीत. साधारण 3-4 सेंटीमीटरचे चौकोन कापायचे, वाटाण्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, बोटाभोवती वळसा आणि दोन टोकांना चिमटा. सारण आदल्या दिवशी करून थंडीत ठेवलं तर चव मुरते. शिजायला तीन-चार मिनिटं पुरतात.

पुण्या-नागपुराहून येणारे पाहुणे विचारतात, यात शाकाहारी काही आहे का? रिकोत्ता आणि पार्स्लीच्या मोठ्या तोर्तेलोनी आहेत, लोण्यात तळलेल्या सेजच्या पानांसह. पण कणकेत अंडं असतं. आणि कुणी आवर्जून सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणानेच करायचं, असा नियम आहे. कडक शाकाहारी माणसाने अंड्यापुरती तरी सार्डिनियाची वाट धरावी. तिथल्या कुलुर्जोनेसची कणीक रव्याची आणि पाण्याची, आत बटाटा, पुदिना आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज. वरची मुरड पाहून करंजीचीच आठवण होते. चीजच्या विरजणाची चौकशी मात्र इथेही करावी. घरी करताना पनीर घातलं तर ते सार्डिनियाचं राहणार नाही, पण खाता येईल.

सारणावरून इथे राजकारणही होतं. 2019 मध्ये शहराचे संतपुरुष पेत्रोनियो यांच्या ऑक्टोबरमधल्या उत्सवात नेहमीच्या तोर्तेलिनींसोबत डुक्कर न खाणाऱ्यांसाठी कोंबडीच्या सारणाच्याही ठेवायचं ठरलं. माजी गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी हा आपला इतिहास पुसण्याचा प्रकार असल्याची ओरड केली. आर्चबिशप झुप्पी यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला, की नेहमीची तोर्तेलिनी कुठेही जात नाही.

पेल्लेग्रीनो आर्तुझीचं 1891 मधलं पाककृतींचं पुस्तक इथल्या बहुतेक घरांच्या फळीवर असतं. त्यात शेजारच्या रोमान्याच्या काप्पेलेत्तींची कृती आहे. तिच्या सारणात चीजबरोबर लोण्यावर शिजवलेलं खच्ची कोंबड्याच्या छातीचं मांस घालायला सांगितलं आहे. साल्विनींच्या घरी ते पुस्तक आहे का, हे कुणी विचारलं नाही.