बोरन्हाणाचा खाऊ

पौष महिना उजाडला, की शहापूर आणि मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांत हवेचे रूप पालटते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या ह्या मुलखात मुंबईपेक्षा थंडी अधिक पडते. पहाटे माहुलीचा किल्ला धुक्यात बुडालेला असतो, भाताची खाचरे रिकामी झालेली असतात, आणि आसपासच्या पाड्यांतून ठाकूर व कातकरी बायका बोरांच्या व आवळ्यांच्या टोपल्या घेऊन बाजाराची वाट धरतात. मुरबाडकडे म्हसा येथील यात्रेस पौषी पौर्णिमेला आरंभ होतो. ह्याच सुमारास मकरसंक्रांत येते. आणि ज्या घरी तान्हे अथवा रांगते मूल आहे, त्या घरी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत बोरन्हाणाचा बेत ठरतो.

बोरन्हाण म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसविलेले मूल आणि त्याच्या मस्तकावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे व हलवा. भोवती जमलेली आळीतली पोरे त्या खाऊवर तुटून पडतात, आणि ज्याचा सोहळा ते मूल मात्र बावरून पाहत राहते. ऋतू बदलताना बाळास बाधा होऊ नये, ही ह्यामागील जुनी श्रद्धा. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने ठरवावा. परंतु त्या ऋतूचे फळ आणि घरची साखर ह्यांची सांगड घालून मुलांना एकत्र आणण्याची ही युक्ती मोठी शहाणपणाची आहे, ह्यात शंका नाही.

अलीकडे मुंबईपुण्यातील कित्येक शाळांतून व गृहसंकुलांतून 31 ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होऊ लागला आहे, आणि सुट्टीला गावी आलेली नातवंडे आजीला त्याच्या गोष्टी सांगतात. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि लालभडक साखरेच्या कवचातील, काडीला टोचलेले सफरचंद हा त्या दिवसाचा ठरलेला खाऊ. अमेरिकेतील न्यूअर्क शहरी विल्यम कोल्ब नावाच्या मिठाईवाल्याने 1908 च्या सुमारास ही लाल सफरचंदे प्रथम केली, असे सांगतात. ह्या गोष्टी ऐकून वडीलधाऱ्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. तिकडे शरद ऋतूत सफरचंदे उतरतात, म्हणून सफरचंद. इकडे पौषात बोरे पिकतात, म्हणून बोर. मुलांच्या सोहळ्यात हाताशी असलेले फळ आणि साखर ही जोडी दोहोंकडे सारखीच आहे.

आमच्या काटेरी हलव्याची भावंडेही दूरदेशी आहेत. पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात आपली साखरेची गोळी जपानात नेली. 1569 साली लुईस फ्रॉइस ह्या पाद्र्याने ओडा नोबुनागा ह्या सरदारास काचेच्या पात्रातून ती नजर केल्याची नोंद आहे. तिचे जपानी रूप म्हणजे ‘कोम्पेतो’. त्यास आपल्या हलव्याप्रमाणेच काटे असतात, आणि तापलेल्या फिरत्या परातीत थोडा थोडा पाक घालून तो दोन आठवडे घोळवीत ठेवतात. जे काम तेथे यंत्र करते, तेच आपल्याकडे सुगृहिणींची बोटे करीत आली आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. साखरेचा पाक दोन प्रकारे वागतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पाक कच्चा, म्हणजे एकतारी असला, तर त्यातील पाणी सुकताना साखर पुन्हा कणाकणांनी गोठते; हलव्याचा पांढरा काटा तो हाच. उलट पाक खूप आटवून कडक केला आणि झटकन निवू दिला, तर साखरेस कण धरण्यास अवसरच मिळत नाही. ती काचेसारखी पारदर्शक राहते. फळांवरचे कवच ते हे. लिंबाच्या रसाने साखरेचे कण धरणे मंदावते. म्हणून हलव्याच्या पाकात लिंबू कदापि पिळू नये, आणि फळांच्या पाकात मात्र चार थेंब अवश्य घालावे. अनेक घरी ‘यंदा काटा आलाच नाही’ अशी हळहळ ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा ह्या चार थेंबांतच दडलेले असते.

हलव्यासाठी अर्धी वाटी पांढरे तीळ निवडून, कोरडे करून, किंचित शेकून घ्यावे. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळी आणावी. दोन चमचे दूध घातले की मळी वर येते, ती काढून पाक गाळावा आणि एकतारी होताच उतरून कोमट राहील असा ठेवावा. मंद आचेवर तवा, तव्यावर परात आणि परातीत तीळ. त्यावर चमचाभर पाक सोडून बोटांच्या अग्रांनी तीळ हलकेच फिरवीत राहावे. पाक पूर्ण सुकून दाणे सुटे झाल्यावाचून दुसरा चमचा घालू नये. घाई केली की दाणे एकमेकांस चिकटतात, आणि आच वाढविली की साखर पिवळी पडते. एका बैठकीत काम उरकत नाही. रोज तासदीड तास, असे तीन-चार दिवस चालावे. पहिले दोन दिवस दाणा नुसता गोल वाढतो. मग जेथे किंचित उंचवटा असेल तेथेच पुढील पाक अधिक धरू लागतो, आणि काटा फुटतो. हवा कोरडी व गार असावी लागते. म्हणून जुन्या बायका हे काम पहाटे करीत. शहापुरातील पौषातली पहाट ह्या कामी मुंबईच्या दमट हवेपेक्षा कितीतरी सरस. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे अथवा लवंग घेऊनही हाच क्रम चालतो.

एकत्र कुटुंबाचे खरे बळ अशा वेळी दिसते. परातीपाशी एकट्या सुनेने चार दिवस बसणे हा जाच होय. परंतु आजी पाकाची तार पाहते, एक जाऊ परात धरते, दुसरी तिला सोडविते, दीर अथवा सासरे मळी काढून पाक गाळतात, असे झाले, तर तो जाच उरत नाही, आणि विद्याही एका पिढीकडून दुसरीकडे जाते. ही विद्या पुस्तकात वाचून येत नाही. ती बोटांनी बोटांकडून घ्यावी लागते.

आता पाकातील फळे. टणक बोरे, बीविरहित द्राक्षे, सोललेल्या उसाचे छोटे करवे ही ह्या कामी उत्तम. फळे धुऊन अगदी कोरडी करावी. पाण्याचा एक थेंब राहिला, तरी कवच धरत नाही. प्रत्येकास स्वच्छ काडी टोचून ठेवावी. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि लिंबाचे चार थेंब आचेवर ठेवून साखर विरघळल्यावर पाक मुळीच ढवळू नये. थेंब गार पाण्यात टाकला असता कडक होऊन कटकन मोडला, की पाक झाला. उष्णमापक असल्यास 150 अंश सेल्सिअस ही खूण. भांडे उतरून फळ एकदाच बुडवावे, गोल फिरवावे आणि तूप लावलेल्या ताटात ठेवावे. हा पाक उकळत्या पाण्याहून दीडपट तापलेला व अंगास चिकटणारा असतो. म्हणून तो होत असताना मुलांस स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. त्यांना फळे पुसण्याचे व काड्या टोचण्याचे काम आधीच द्यावे.

ही फळे केली त्या दिवशीच संपवावी. एक तर हवेतील ओल शोषून कवच चिकट होते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत कारखान्यात बांधून विकलेल्या कॅरामेलच्या सफरचंदांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची बाधा 35 जणांस झाली व त्यांतील काही दगावले. काडी टोचली, की फळाचा रस बाहेर येऊन कवचाखाली साचतो आणि तेथे जंतूंस वाढण्यास जागा मिळते, असे तपासात आढळले. सकाळी करावे, सायंकाळी खावे, हा आपला घरगुती शिरस्ता येथे शास्त्राशी जुळतो.

रंगाविषयीही दोन शब्द. बाजारातील भडक हलवा पाहून मुलांचे डोळे दिपतात. पण तो रंग कशाचा, हे विचारणारा ग्राहक विरळा. फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडू सरकारने ‘म्हातारीचे केस’ ह्या मिठाईवर बंदी घातली, ती तिच्यात रोडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडल्यामुळे. घरच्या हलव्यास केशर, हळद अथवा बिटाचा रस पुरे होतो. आणि पांढऱ्याशुभ्र हलव्याची शोभा तर कोणत्याच रंगास येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरीस सांगतो. ज्या बाळाचे बोरन्हाण, त्याच्याच तोंडात ह्यांतील पुष्कळसे पदार्थ जाता कामा नयेत. टणक हलवा, शेंगदाणे, हरभरे, अख्खे द्राक्ष आणि बीसकट बोर हे पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि हसता-पळता खाण्याची सवय असते. म्हणून बाळाच्या मस्तकावरून चुरमुरे व फुलांच्या पाकळ्या ओताव्या. बोरे व हलवा मोठ्या मुलांस वाटीतून हाती द्यावा, आणि तो बसून खाण्याची शिस्त लावावी. दागिन्यातील हलवा ओढून तोंडात घालण्याची बाळास मोठी हौस असते. तेव्हा छायाचित्र झाले, की दागिने उतरावे. इतके करूनही घास अडकला आणि मुलास खोकता वा रडता येईना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. मुलास पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्या. तेवढ्याने न सुटल्यास वर्षाच्या वरील मुलाच्या बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच दाब द्यावे. वर्षाच्या आतील बाळास हातावर पालथे घेऊन थापा द्याव्या आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर तळहाताच्या टाचेने दाबावे. अडकलेले सुटेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा, आणि दुसऱ्याने त्याच क्षणी वैद्यकीय मदत बोलवावी. दूरच्या पाड्यावरून रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. म्हणून घरातील निदान दोघांस तरी हे येत असावे.

लहानांसाठी साखरवलेला आवळा सर्वांत बरा. किलोभर आवळे वाफवून पाकळ्या सुट्या कराव्या, त्यांत 700 ग्रॅम साखर घालून झाकून ठेवावे आणि रोज एकदा हलवावे. तीन दिवसांनी पाकळ्या तळाशी बसल्या, की निथळून दोन दिवस उन्हात वाळवाव्या व पिठीसाखरेत घोळवाव्या. उरलेल्या पाकाचे सरबत होते. पाकळी मऊ असते. तरी लहानग्यास ती बारीक चिरूनच द्यावी.

आणखी एक विनंती. चार पहाटे जागून हलवा करणारी आजी जर विधवा असेल, तर कित्येक घरी औक्षणाच्या वेळी ती मागच्या खोलीत बसते. तिच्या हातचा हलवा चालतो आणि हात चालत नाही, हा कुठला न्याय? बोरन्हाण बाळाचे आहे, आणि बाळास आजीचे कुंकू दिसत नाही, तिची मांडी कळते. पहिली ओंजळ तिनेच ओतावी. आणि ज्या बाईने रानातून बोरे वेचून डोक्यावरून आणली, तिच्याशी घासाघीस न करता तिने सांगितलेला दर द्यावा, व तिच्या कडेवरच्या पोरासही मूठभर चुरमुरे द्यावे. संक्रांतीला गोड बोला असे आपण सर्वांस सांगतो; त्याचा आरंभ आपल्या ओटीवरून व्हावा.