जुन्या गाडीला कुठले गिअर ऑइल?

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात अजून डौलात येते. आपल्याही दारात एखादी जुनी जीप असतेच. तिच्या गिअरबॉक्समध्ये 'भारीतलं' म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. पोलादी दात त्याने वाचतात, पण गरम झाल्यावर ते पितळी रिंगा, बुश खाऊ शकते. मागच्या हायपॉइड डिफरन्शियलला मात्र सहसा जीएल-५ लागते. दोन्हीकडे एकच डबा चालवू नका. ९० किंवा १४० हा आकडा नुसता दाटपणा सांगतो, ऑइलची जात नव्हे. पुस्तिका बघा, हरवली असेल तर आत पितळ आहे का, ते मिस्त्रीला आधी विचारा. नाहीतर उसाचं बिल गॅरेजातच जिरायचं!