सॉर्टेक्स तुटका दाणा जोडत नाही

गोंदियात तांदळाच्या गुणवत्तेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सॉर्टेक्स आहे ना, बघून घेईल." मालक म्हणतो, मुनीम म्हणतो, हल्ली ऑपरेटरही म्हणतो. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तेच "टेस्टर बघून घेईल" होतं. माल जमेल तसा काढायचा आणि चांगलं-वाईट शेवटी निवडायचं, हा समज दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे साफ चुकीचा आहे.

सॉर्टेक्स काय करतं? दाणे वरून घसरत येतात, कॅमेरा रंग टिपतो आणि काळा-पिवळा दाणा किंवा खडा हवेच्या झोताने बाजूला उडतो. बस्स. तुटलेला दाणा, म्हणजे तुकडा, ग्रेडर यंत्र वेगळा काढेल, पण त्याला अख्ख्या तांदळाचा भाव कोण देणार?

दाणा बिघडतो तो बरेचदा बांधीतच. धानाच्या कापून ठेवलेल्या कडपा उन्हात वाळतात आणि मग दव किंवा अवकाळी पाऊस पडतो. कोरडा झालेला दाणा पुन्हा ओल ओढतो, बाहेरून फुगतो आणि आत चिरतो. भरडाईवरच्या संशोधनात हे कारण कित्येक दशकं नोंदलेलं आहे. पटत नसेल तर धान सोलणाऱ्या शेलरमधून निघालेले चार दाणे मोबाइलच्या उजेडासमोर धरा. आडवी बारीक रेघ दिसली, तर पॉलिशरमध्ये दाणा तिथेच तुटणार. पुढची चूक मिलमध्ये होते. सरकारी खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, भरडाईला मात्र 14च्या आसपास हवा. तरी घाईत ओलं धान लावतात, शेलरचे रबर रोल झिजले तरी बदलत नाहीत, उलट त्यांच्यातली फट आणखी आवळतात.

"पण तुकडा नियमात बसतो," हे उत्तर तयारच असतं. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ द्यायचा आणि त्यात वर्षानुवर्षे 25 टक्के तुकडा मान्य, म्हणजे पावणेसतरा किलो! ती सहन करण्याची कमाल मर्यादा आहे. तिलाच उद्दिष्ट मानणाऱ्या मिलमध्ये सुधारणा होणार कशी?

बाकीचे समज थोडक्यात. तांदूळ चकचकीत म्हणजे उत्तम? पॉलिश वाढली की कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्वही जातं. रेशनमधले तरंगणारे दाणे प्लॅस्टिकचे? तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-12 मिसळून केलेले ते पोषक दाणे आहेत, शंभरात एक या प्रमाणात. भिंतीवर प्रमाणपत्र लावलं की झालं? ते रोलची फट मोजत नाही.

मूळ मुद्द्याकडे परतू. केवळ तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता कामातच घडवा, हे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी आपल्या चौदा सूत्रांत स्पष्ट मांडलं. टोयोटात दोष दिसला की साधा कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. आपल्याकडे ऑपरेटरने मिल थांबवली, की आधी ओरडा बसतो, "किती पोती गेली?" मग तो पुढच्या वेळी रोलचा आवाज बदलला तरी गप्प बसतो. त्याचं काय चुकलं?

सुरुवात स्वस्तात होते. दर पाळीला शेलरनंतर आणि पॉलिशरनंतर मूठभर नमुना घ्या, तुकडा मोजा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. फरक कुठे वाढला ते हमालालाही दिसेल. आणि मिल थांबली त्या वेळाची मजुरी कापू नका.