डास अडवणारी जाळी : छिद्र, तार आणि चौकट

खिडकीला बसवायची जाळी घेताना ती स्टीलची हवी की फायबरची आणि किती फूट हवी, एवढेच बहुधा विचारले जाते; मात्र डास अडणार की आत येणार हे ज्या गोष्टीवर ठरते, त्या दोन तारांमधल्या मोकळ्या छिद्राच्या रुंदीविषयी दुकानात सहसा कोणी बोलत नाही. व्यापारात जाळीची ओळख ‘मेश’ या अंकाने होते आणि एक इंच लांबीत किती छिद्रे बसतात ते हा अंक सांगतो. म्हणजे 18 गुणिले 16 मेशच्या जाळीत एका दिशेने इंचाला अठरा आणि दुसऱ्या दिशेने सोळा छिद्रे असतात. इंचाचे 25.4 मिलिमीटर अठराने भागले आणि आलेल्या 1.41 मधून तारेची 0.28 मिलिमीटर जाडी वजा केली, की 1.13 मिलिमीटर छिद्र उरते, तर दुसऱ्या दिशेला ते 1.31 मिलिमीटर येते, आणि डासांसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी जाळी हीच आहे. तारेची जाडी ‘गेज’ने मोजतात व हा अंक वाढेल तशी तार बारीक होते, त्यामुळे 32 गेजची तार सुमारे 0.27 मिलिमीटरची, तर 30 गेजची त्याहून जाड असते.

मेश आणि गेज हे दोन्ही अंक एकत्र पाहिले तरच जाळीची खरी पारख होते. वर सांगितलेल्या जाळीच्या क्षेत्रफळापैकी सुमारे 66 टक्के भाग मोकळा असतो. याउलट केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत माशीरोधक म्हणून नोंदलेल्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीचे छिद्र 1.4 मिलिमीटरचे आणि तार 0.5 मिलिमीटरची असल्याने तिचा मोकळा भाग 54 टक्क्यांच्या आसपास भरतो. छिद्र मोठे असूनही वाट अरुंद, असा हा उलटा हिशेब आहे, आणि तो जाड तारेमुळे घडतो. घरमाशीसाठी ती जाळी पुरेशी आहे व धक्क्यालाही टिकते. परंतु उकाड्याच्या शहरातील झोपण्याच्या खोलीसाठी बारीक तारेची, लहान छिद्रांची जाळीच अधिक योग्य ठरते.

घराला जाळी लावून हिवताप रोखता येतो, ही गोष्ट प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये सिकंदराबाद येथे ॲनोफिलिस डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, 1900 च्या उन्हाळ्यात, सांबोन आणि लो या डॉक्टरांनी रोमजवळच्या हिवतापग्रस्त दलदलीत जाळीने बंदिस्त केलेल्या झोपडीत मुक्काम केला. दिवसा ते बाहेर हिंडत, दलदलीचीच हवा घेत, मात्र सूर्यास्तापूर्वी न चुकता आत येत. त्यांना हिवताप झाला नाही, आणि दूषित हवेमुळे हा ताप येतो या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. या प्रयोगात जाळीइतकेच महत्त्व दार वेळेवर बंद करण्याला होते, हे विसरता कामा नये. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ तिन्हीसांजेला दारे लावून घेण्याची सवय त्याच्यापुढे अपुरी पडते.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू 1965 मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला, आणि मुलांना मेंदूज्वर देणाऱ्या या विषाणूचा प्रसार मुख्यतः सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीमार्फत होतो. ही माशी आकाराने डासाच्या सुमारे एक तृतीयांश असून मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, आणि डासांसाठी बनवलेल्या नेहमीच्या जाळीतून ती सहज आत शिरते. तिला अडवायचे तर पुष्कळ अधिक बारीक जाळी लागते, आणि अशी जाळी हवा अडवते व धुळीने लवकर बुजते. म्हणून कच्च्या भिंतींच्या घरांत भेगा लिंपणे आणि फवारणी करणे ही कामे जाळीपेक्षा आधी व्हायला हवीत. ‘बारीक म्हणजे उत्तम’ असा सरसकट नियम येथे लागू पडत नाही.

धातू निवडताना घर कुठे आहे ते पाहावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी स्वस्त पडते, पण कापलेल्या टोकांशी मुलामा नसल्यामुळे गंज तेथूनच सुरू होतो, आणि कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर पसरतो. स्टेनलेस स्टीलच्या 304 या प्रतीलाही समुद्रकाठी तांबूस डाग व बारीक खड्डे पडतात. 316 या प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने मिठातील क्लोराइडला ती सहजी दाद देत नाही, म्हणून किनाऱ्यावर जास्तीचा खर्च तिच्यावरच करावा. चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा, असा समज आहे. वास्तविक तार ओढताना 304 स्टीलमध्येही थोडे चुंबकत्व येते, त्यामुळे किंचित ओढीवरून दुकानदाराला दोष देणे योग्य नाही. ज्याला फायबरची जाळी म्हणतात, ती काचतंतूच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप देऊन विणलेली असते. ती गंजत नाही, स्वस्त असते, पण मांजराच्या नखांपुढे आणि उंदराच्या दातांपुढे टिकत नाही. तिचा लहान तुकडा मोकळ्या जागी पेटवला तर लेप जळून काचेचा सांगाडा मागे राहतो, साधे प्लास्टिक मात्र वितळून गोळा होते, एवढ्यावरून दोहोंतला फरक कळतो.

तरीही बहुतेक घरांत डास येतो तो छिद्रातून नव्हे, तर कडेने. सरकत्या खिडकीत काच अर्धवट उघडी ठेवली, की काचेची चौकट आणि जाळीची चौकट यांच्यामध्ये उभी फट राहते, आणि तेथील लोकरीसारखी केसाळ पट्टी झिजलेली असेल तर एक मिलिमीटरच्या छिद्राचा सारा हिशेब व्यर्थ जातो; म्हणून काच पूर्ण उघडावी किंवा पूर्ण लावावी. वेल्क्रो पट्टीवर चिकटवलेली जाळी उन्हाने डिंक सुटला की कोपऱ्यांतून उचलली जाते. जाळीचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि स्प्रिंगने आपोआप बंद होणारे असावे, कारण दारावर बसलेले डास आत उघडणाऱ्या पल्ल्याबरोबर घरातच ढकलले जातात.

जुन्या स्वयंपाकघरांतील दुधाचे जाळीचे कपाट नियमाने पुसले जाई. खिडकीच्या जाळीच्या वाट्याला ती काळजी क्वचित येते, आणि धुळीने बुजलेली जाळी मग उकाड्यामुळे उघडून टाकली जाते. कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने झाडावी, नंतर साबणाच्या सौम्य पाण्याने दोन्ही बाजू पुसून स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. समुद्रकाठी हे काम वरचेवर करावे, म्हणजे मीठ साचत नाही. संडास-न्हाणीघराचे ॲसिड जाळीला कधीही लावू नये, कारण ते जस्त खाऊन टाकते आणि स्टीललाही खड्डे पाडते. तसेच धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमची जाळी काळवंडते.

घराबाहेरच्या आणखी एका जाळीकडे लक्ष द्यायला हवे. शौचालयाच्या टाकीतील वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीचे तोंड उघडे असले, तर टाकीत वाढलेले डास त्यातून वस्तीत पसरतात, म्हणून त्यावर जाळी बांधण्याचे आवाहन आरोग्य विभाग गावोगावी करत आला आहे. त्यासाठी वीतभर जाळी पुरते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराने ती बांधलेली आहे का, आणि बांधलेली फाटलेली तर नाही ना, हे स्वतः वर चढून पाहावे.