मोटारसायकलवरील जीपीएस ग्राहकयंत्र : निवड, जोडणी व वापर

प्रस्तावना :

भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांच्या अध्यापकांना क्षेत्रकार्यासाठी वारंवार दुर्गम भागात जावे लागते. एस.टी. जेथे थांबते तेथून पुढचा प्रवास बहुधा मोटारसायकलवरूनच होतो. अशा प्रवासात मार्ग दाखविण्यासाठी आणि नमुनास्थळांचे अक्षांश-रेखांश नोंदविण्यासाठी जीपीएस ग्राहकयंत्राचा उपयोग आता सर्रास होतो. परंतु हे यंत्र कोणत्या निकषांवर निवडावे, वाहनावर कोठे व कसे बसवावे, याचा विचार क्वचितच केला जातो.

या दुर्लक्षाची किंमत मोठी असू शकते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे रात्री निघालेली एक मोटार भ्रमणध्वनीवरील नकाशाच्या सूचनेनुसार जात असता पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. चारचाकीची ही कथा, तर तोल सांभाळत चालवावयाच्या दुचाकीवर चुकीच्या क्षणी पडद्याकडे गेलेली नजरही पुरेशी ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात ग्राहकयंत्राचे कार्य, निवडीचे निकष, जोडणीची पद्धत आणि वापराची शिस्त या चार मुद्द्यांचे विवेचन केले आहे.

ग्राहकयंत्राचे कार्य :

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहप्रणाली १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह अचूक वेळेसह संदेश प्रक्षेपित करतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या कालावधीवरून ग्राहकयंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातील चूक अशी चार अज्ञाते असल्याने किमान चार उपग्रह दिसणे आवश्यक असते. नागरी संदेशात हेतुतः मिसळलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतर मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंतची अचूकता सर्वसामान्य वापरकर्त्यास मिळू लागली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक या प्रणालींचे संदेशही आजची अनेक यंत्रे ग्रहण करतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे स्थाननिश्चितीसाठी मोबाइल नेटवर्कची गरज नसते. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घेण्यासाठी आणि उपग्रहांची माहिती चटकन मिळविण्यासाठी. नेटवर्क नसल्यास ही माहिती प्रत्यक्ष उपग्रहाकडून सेकंदाला केवळ ५० बिट या मंद गतीने घ्यावी लागते. त्यामुळे पहिली स्थाननिश्चिती होण्यास वेळ लागतो. संपूर्ण संदेश मिळण्यास तर साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून ताम्हिणी किंवा वरंधा घाटासारख्या मार्गावर उतरण्यापूर्वी, आकाश मोकळे असतानाच यंत्र सुरू करावे. दुसरी गोष्ट अशी की अरुंद दऱ्यांत कड्यांवरून परावर्तित झालेले संदेश अंतराचे गणित बिघडवितात. जेथे मार्गदर्शनाची गरज अधिक, तेथेच अचूकता कमी होते.

निवडीचे निकष :

सामान्यतः तीन पर्याय उपलब्ध असतात : मोटारसायकलसाठी खास बनविलेले यंत्र, हातात धरावयाचे क्षेत्रकार्याचे यंत्र आणि भ्रमणध्वनी. गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या कंपन्यांनी पहिल्या प्रकारची यंत्रे बाजारात आणली. ती महाग असली तरी पाऊस, धूळ व कंपने गृहीत धरून घडविलेली असतात. भ्रमणध्वनी हाताशी असतो आणि भारतात डिसेंबर २०१७ पासून गूगलच्या नकाशात दुचाकीसाठी स्वतंत्र मार्गही मिळू लागला. परंतु त्याच्या मर्यादा जाणून घेणे इष्ट आहे.

१) जलरोधकता : 'आयपी ६७' या मानांकनातील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवितो, तर ७ हा अंक एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे तग धरण्याची क्षमता. मात्र ही चाचणी स्थिर पाण्यातील असते. वेगाने आदळणाऱ्या धारांची चाचणी ५ व ६ या अंकांनी दर्शविली जाते. कोकणातील पावसात गाडी चालविणाऱ्याने हा भेद पाहावा. चार्जिंगचे झाकण उघडे असल्यास मानांकनाला अर्थ उरत नाही.

२) पडदा : भ्रमणध्वनीचा स्पर्शपडदा विद्युतधारितेवर चालतो. पावसाचे थेंब त्याला बोटासारखेच भासतात आणि नकाशा आपोआप सरकू लागतो. हातमोज्यांचा स्पर्श मात्र त्याला जाणवत नाही. भर उन्हात वाचता येईल इतकी प्रखरताही पडद्यात हवी.

३) उष्णता : उन्हाळ्यात ऊन, चार्जिंग व प्रखर पडदा या तिहेरी उष्णतेने भ्रमणध्वनी स्वतःहून बंद पडू शकतो.

४) कंपने : ॲपल कंपनीने २०२१ मध्ये असा इशारा दिला की मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलच्या इंजिनांची कंपने हँडलमार्गे पोहोचल्यास आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. संशोधनाची छायाचित्रे त्याच कॅमेऱ्याने घेणाऱ्या अध्यापकाने हा इशारा गंभीरपणे घ्यावा.

५) नकाशे व नोंदी : नेटवर्कविना चालणारे नकाशे आधीच साठविता यावेत आणि प्रवासमार्ग व स्थळबिंदू यांची नोंद बाहेर काढता यावी. जीपीएसचे निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भप्रणालीत असतात, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी स्थलदर्शक पत्रके एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर आधारलेली आहेत. रूपांतर न करता बिंदू मांडल्यास ते लक्षणीय अंतराने चुकतात.

६) कायदेशीर बाब : साधे जीपीएस यंत्र केवळ ग्राहक असते. उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी यंत्रे भारतात परवान्याशिवाय वापरणे बेकायदेशीर आहे. परदेशातून यंत्र मागविताना हा फरक तपासावा.

जोडणीची जागा व पद्धत :

चार-स्ट्रोक, एक सिलिंडर इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ६० फेरे घेते आणि सेकंदाला ३० स्फोट होतात. यंत्र धरणाऱ्या दांड्याची नैसर्गिक वारंवारता या आकड्यांजवळ आली की अनुनाद होऊन पडदा थरथरू लागतो. दांडा जितका लांब व वरचे वजन जितके जास्त, तितकी ही वारंवारता खाली येते. म्हणून दांडा आखूड, जाड व धातूचा असावा. भ्रमणध्वनी वापरावयाचा असल्यास मध्ये रबराचा कंपनशोषक बसवावा.

हँडलचा व्यास बहुधा २२.२ मि.मी. असतो, काही गाड्यांचे हँडल मध्यभागी २८.६ मि.मी. जाड असते. क्लॅम्प त्याच मापाचा घ्यावा. मोठ्या क्लॅम्पखाली कागद वा चिंधी गुंडाळू नये. हँडलच्या टोकापेक्षा मध्यभागी कंपने कमी असतात. आरशाच्या दांड्यावर बसविणे सोपे असले तरी तेथे कंपने जास्त जाणवतात आणि वजनाने आरसाही फिरतो. टाकीवरील पिशवीत ठेवल्यास यंत्र कंपनांपासून वाचते, परंतु ते पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. यासाठी उत्तम जागा म्हणजे वेगदर्शकाच्या वर किंवा लगत, जेथे नजर रस्त्यापासून कमीत कमी ढळते.

जोडणी झाल्यावर गाडी मुख्य स्टँडवर लावून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे. क्लच व ॲक्सिलरेटरची केबल, ब्रेकची नळी, किल्ली, हॉर्न वा टाकी यांपैकी कशालाही अडथळा होता कामा नये. यंत्राला सुरक्षादोरी बांधावी आणि पहिल्या ५० कि.मी. नंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

विद्युतजोडणी :

पाच व्होल्टला दोन अँपिअर, म्हणजे दहा वॅट, इतकी शक्ती घेणारे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीतून रूपांतरातील व्यय धरून सुमारे एक अँपिअर प्रवाह ओढते. आठ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असल्यास हा प्रवाह रात्रभर सुरू राहिला तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. म्हणून जोडणी इग्निशनच्या किल्लीवर चालणाऱ्या रिलेमधून घ्यावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूज यंत्राजवळ बसविल्यास मधली वायर घासून उघडी पडल्यावर तिचे संरक्षण होत नाही आणि आगीचा धोका राहतो. हेडलाइटच्या वायरवर परस्पर जोड मारण्याची प्रथा टाळावी. हँडल वळते तेथे वायर किंचित सैल ठेवावी.

वापराची शिस्त :

ताशी ६० कि.मी. वेगाने मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिल्यास ३३ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. एवढ्यात खड्डा, वाळू वा आडवे येणारे गुरू सहज सामोरे येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार हातातील संपर्क-उपकरणाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशाच रीतीने करता येतो. त्यामुळे गंतव्यस्थान निघण्यापूर्वीच भरावे. बदल करावयाचा असल्यास गाडी बाजूला घेऊन थांबावे. ध्वनिसूचना ऐकावयाच्या असतील तर मागून येणारा हॉर्न ऐकू येईल इतपतच आवाज ठेवावा.

नकाशा हा कोणत्या तरी दिवशी कोणी तरी केलेल्या नोंदींचा संग्रह असतो. पूल पाण्याखाली आहे, दरड कोसळली आहे किंवा रस्ता धरणात गेला आहे, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. शेवटच्या गावात गाडी थांबवून "पुढे रस्ता चालू आहे का?" असे विचारणे हा क्षेत्रकार्याच्या पद्धतीचाच भाग मानावा. पावसाळ्यात व रात्री तर हा प्रश्न अनिवार्य आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की महागडे यंत्र घेतल्याने सुरक्षितता आपोआप मिळत नाही. हंगाम व मार्ग पाहून केलेली निवड, नजरेच्या रेषेतील भक्कम जोडणी, फ्यूजसह विद्युतपुरवठा आणि थांबूनच यंत्र हाताळण्याची सवय या चार गोष्टी एकत्र आल्या तरच यंत्राचा खरा उपयोग होतो. विद्यार्थ्यांना दुचाकीवरून क्षेत्रभेटीस पाठविणाऱ्या विभागांनी निघण्यापूर्वी या चार बाबींची तपासणी करावी आणि मार्गाची छापील प्रत प्रत्येक गटाकडे द्यावी, अशी शिफारस येथे करावीशी वाटते. विद्यार्थी अध्यापकाच्या भरवशावर निघतो. त्याला यंत्राच्या भरवशावर सोडणे योग्य होणार नाही.