आधी उचलून बघा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलवरून लडाखला जाऊन आलेला एक तरी माणूस आता प्रत्येक सोसायटीत सापडतो. नाही सापडला, तर 'पुढच्या वर्षी नक्की' असं दहा वर्षं म्हणणारा तर सापडतोच. मी बरीच वर्षं या दुसऱ्या प्रकारात होतो. शाळेत भूगोल शिकवत होतो. फळ्यावर रोहतांग, बारालाचा, तांगलांग अशा खिंडी काढायच्या, मुलांकडून उंची पाठ करून घ्यायची आणि स्वतः मात्र कात्रजच्या घाटापलीकडे गाडी न्यायची नाही, असा सगळा प्रकार. २०२२ साली निवृत्त झालो, हातात थोडे पैसे आले आणि पहिला प्रश्न पडला तो हाच, की जायचं तर कोणत्या गाडीवर?

माझं उत्तर लहानपणीच ठरलेलं होतं. मामा फौजदार होते, त्यांच्याकडे बुलेट होती. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, आणि वेशीपाशी गाडी आली की घरात आजीला चहाचं आधण ठेवता येईल एवढा लांबून ऐकू येणारा आवाज. १९५५ पासून मद्रासला तयार होणारी ही गाडी आपल्याकडे पोलिसांची, लष्कराची आणि दूधवाल्यांची. तिच्यावर बसून बर्फाचे डोंगर बघायचे, हे माझं स्वप्न. त्यामुळे कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न मी विचारत होतो तो केवळ उपचार म्हणून.

माझ्याआधी माझा एक जुना मित्र जाऊन आला. खरं तर अर्ध्यातून परत आला. त्याने कर्ज काढून मोठी परदेशी गाडी घेतली होती. वजन अडीचशे किलोच्या वर आणि सीट एवढी उंच, की दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला टेकायचे. हमरस्त्यावर ती अशी चालायची, की जणू गालिच्यावरून जातोय. बारालाचा खिंडीच्या अलीकडे दुपारी तीनच्या सुमाराला रस्त्यावरून वाहणारा एक नाला लागला. या नाल्यांचं एक लक्षात ठेवायला हवं. हे पाणी बर्फ वितळून येतं, म्हणून सकाळी ते घोट्याएवढं असतं आणि ऊन चढलं की दुपारी गुडघ्याला लागतं. मधोमध पुढचं चाक गोट्यांत अडकलं, तोल सावरायला त्याने पाय खाली सोडला आणि पायाला जमीन लागलीच नाही. गाडी अंगावर आली. रस्त्याचं काम करणारे मजूर जवळ होते म्हणून निभावलं. सहा जणांनी मिळून ती उचलली. घोट्याचं हाड मोडलं होतं. तो ट्रकमधून खाली आला, गाडी पंधरा दिवसांनी.

त्याला भेटून घरी आलो आणि माझ्या ठरलेल्या उत्तराची पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी शिक्षकी सवयीने वही घेऊन बसलो. आधी रस्ता मांडला. महाराष्ट्रातून निघणाऱ्याचा बहुतेक प्रवास चौपदरी हमरस्त्याचा असतो. पुण्याहून चंदीगडपर्यंत अंतर खूप, पण अडचण अशी काही नाही. खरी परीक्षा मनालीच्या पुढच्या सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरची. त्यातही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चिखल टाळता येतो. म्हणजे जाहिरातीत गाडी दगडांवरून उड्या मारते तो भाग एकूण वाटेचा छोटा तुकडा आहे, पण माणूस जायबंदी होतो तो त्याच तुकड्यात. हमरस्त्याला वजनदार, ताकदवान गाडी सुखाची आणि त्या तुकड्यात हलकी गाडी सुखाची. दोन्ही सुखं एका गाडीत पूर्णपणे मिळत नाहीत, आणि दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

यावर एक साधा मार्ग आहे. गाडी रेल्वेच्या पार्सलने चंदीगड किंवा अंबाल्यापर्यंत पाठवायची. टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात बांधून, नोंदणी आणि विम्याच्या कागदांच्या प्रती जोडून ती देता येते. 'मग काय मजा?' असं तरुण मंडळी म्हणतात. ज्यांना दारातूनच निघायचं आहे त्यांनी साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी बघावी. दोनशे सीसीची गाडी ताशी ऐंशीपर्यंत खुशीत असते, पण दिवसभर त्याच्यावर पळवली की तीही कंटाळते आणि आपणही.

आता वजन. शेजाऱ्यांनी त्यांची बुलेट मोठ्या मनाने दिली. अंगणात जुनी गादी घातली, गाडी हळूच तिच्यावर आडवी केली आणि उचलायला गेलो. गाडी उचलायची एक रीत आहे. इंजिन बंद करायचं. गाडी गिअरमध्ये असू द्यायची, म्हणजे ती सरकत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे पडते. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची चौकट धरायची आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उभं राहायचं. कंबरेने उचलायला गेलात तर गाडी उठेल, तुम्ही बसाल.

माझी उंची पाच फूट चार इंच, वजन एकसष्ट किलो. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा धापा टाकत उचलली. तिसऱ्यांदा गाडी हलली नाही. हे सगळं पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, सामान न लादता. गाडी जवळजवळ दोनशे किलोची, त्यावर तीस किलोच्या पिशव्या आल्या की काय होईल, आणि वर साडेचार-पाच हजार मीटरवर बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो. तिथे तिसऱ्यांदा पडलो तर? माझ्या मनातला मामांचा आवाज त्या गादीवरच थोडा मंदावला.

गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा द्यावी. शोरूमवाले गादी घालू देणार नाहीत, पण ओळखीत ती गाडी असतेच कुणाकडे तरी. सीटच्या उंचीचंही तसंच. कागदावर ८०० आणि ८२५ मिलिमीटर यांत फक्त एक इंचाचा फरक दिसतो. आडव्या उतारावर, एक पाय खड्ड्याच्या बाजूला असताना तो इंच फार मोठा होतो. बसून बघताना जे बूट घालून जाणार आहोत तेच घालावेत.

ताकदीचा हिशेब भूगोलाच्या पुस्तकातलाच आहे. तांगलांग खिंड ५,३२८ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते, हवा निम्मी तर ताकदही जवळजवळ निम्मी. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल तेवढंच यायचं आणि हवा कमी, म्हणून त्या काळा धूर सोडत आचके द्यायच्या. २०२० पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, ते हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतं. त्यामुळे गाडी आचके देत नाही. पण नसलेली हवा तेही आणू शकत नाही. म्हणजे अठरा-एकोणीस हॉर्सपॉवरची गाडी वर दहाच्या आसपास उरते. एकट्याला दहा पुरतात. पहिल्या गिअरमध्ये चढते, चढते आणि पोहोचते.

पण दोघांना?

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. महिनाभर मी टेबलावर गाड्यांची माहितीपत्रकं पसरून बसलेलो. एक दिवस चहा ठेवताना पत्नी म्हणाली, "अहो, मागे कोण बसणार आहे ते ठरलंय ना? मग तिलाही एकदा विचारा." मी खरोखरच विचारलं नव्हतं. दोघं, सामान आणि खिंडी असं गणित मांडलं, तर हलकी गाडी बाद. दोघांना नेईल एवढी दमदार गाडी घेतली, तर ती मला उचलता येत नाही. रात्रभर विचार केला. बेतच रद्द करावा असंही मनात आलं.

सकाळी उत्तर तिनेच दिलं. "तुम्ही तुमच्या वाटेने या. मी विमानाने लेहला येते." माझं दोन महिन्यांचं गणित एका वाक्यात सुटलं. विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची असते, तेवढं तिने मान्य केलं.

मग मी हिरोची एक्सपल्स घेतली. दोनशे सीसी, दीडशे-एकशे साठ किलोच्या घरातली, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. साध्या गाड्यांचं साधारण १६५ असतं. दगडावर इंजिन आपटण्या न आपटण्याचा फरक तेवढाच. गादीवर पाच वेळा पाडली, पाचही वेळा उचलली. सीट मला उंच होती, पण गाडी हलकी म्हणून एका पायावर सावरता येत होती. थोडी जास्त ताकद आणि लांब पल्ला हवा असणाऱ्यांसाठी रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे. २०१६ ला आलेली ४११ सीसीची, १५ लिटर टाकीची, किंवा २०२३ पासूनची ४५२ सीसीची, १७ लिटरची. आपल्या चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर हमरस्त्यावर या सगळ्यांपेक्षा चपळ, पण तिची सीट माझ्या उंचीला परवडणारी नव्हती. उंच माणसाने माझी निवड आंधळेपणाने उचलू नये.

टाकीचं गणितही करावं लागतं. चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावर तांदी नावाचं गाव आहे. तिथल्या पेट्रोल पंपाची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. चढावर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पिते, म्हणून घरच्या ॲव्हरेजमधून चौथा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा. माझी टाकी १३ लिटरची, लिटरला पस्तीस धरले तरी साडेचारशे. तरीही पाच लिटरचा कॅन बरोबर घेतला.

चाकांबद्दल फार वाद चालतात. स्पोकची चाकं दगडाचा मार खातात, वाकली तर ठोकून सरळ होतात. पण त्यांत बहुधा ट्यूब असते आणि पंक्चरला चाक उतरवावं लागतं. मिश्रधातूच्या चाकांचे टायर ट्यूबलेस, पंक्चर दहा मिनिटांत निघतं. पण चाकालाच तडा गेला की तिथे उपाय नाही. मी स्पोक घेतले आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चार दिवस चाक उतरवायला शिकलो. निघताना दोन ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, चेनची एक जोडकडी आणि क्लच-ब्रेकचे दांडे घेतले. गाडी पडली की पहिले मोडतात ते हे दांडे.

दुरुस्तीचं बोलतोय तर एक ऐकलेली हकिगत सांगतो. २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला मोटारसायकलने गेले. मोठ्या बीएमडब्ल्यू गाड्या, सगळा सरंजाम. मंगोलियात त्यांच्याबरोबरच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट मोडली. ती ट्रकवर चढवून पाठवली आणि तो तिथेच विकत घेतलेल्या एका साध्या रशियन मोटारसायकलवर पुढे निघाला. वाटेवरच्या लोकांच्या हाताला कोणती गाडी माहीत आहे, हाही निवडीचाच भाग आहे. लेहमध्ये बुलेट खोलणारे मेकॅनिक भरपूर, हे बुलेटच्या बाजूने मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

ज्यांना गाडी विकतच घ्यायची नाही, त्यांनी भाड्याने घ्यावी; वर्षातून पंधरा दिवसांसाठी दोन-तीन लाख गुंतवण्यापेक्षा ते शहाणपणाचं. मात्र मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लेहच्या आसपास, खारदुंगला किंवा पँगाँगला फिरवायला तिथल्या भाडे संघटना हरकत घेतात. स्वतःच्या नावावरच्या गाडीला ती अडचण नाही. तेव्हा लेहला पोहोचून तिथलीच गाडी घेणं बरं.

मी गेलो सप्टेंबरमध्ये. नाल्यांना पाणी कमी असतं तेव्हा. जिस्पाला एक मुक्काम जास्त केला, डोकं दुखायचं थांबेपर्यंत. पडलो तीन वेळा. दोनदा वाळूत आणि एकदा चहाच्या टपरीसमोर, उभ्या उभ्या. तिन्ही वेळा मीच उचलली. दुसऱ्या वेळेनंतर मात्र दगडावर दहा मिनिटं बसून राहिलो, हातापायांत त्राण नव्हतं. अडीचशे किलोवाला मित्र तेव्हा फार आठवला.

लेहला पत्नी दोन दिवस आधीच येऊन ताजीतवानी झाली होती. सिंधूच्या काठाने थिकसेच्या मठापर्यंत, वीसेक किलोमीटर, आम्ही डबलसीट गेलो. सपाट रस्ता, काही अडचण आली नाही. खारदुंगला मात्र टॅक्सीने. तिथे वर्षानुवर्षं अठरा हजार तीनशे ऐंशी फुटांची पाटी होती. प्रत्यक्षातली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. मी तिथल्या दोन अनोळखी मुलांना हे समजावून सांगायला लागलो, तशी पत्नी टॅक्सीत जाऊन बसली.

गाडी अजून आहे. मंडईत जाते, कधी सिंहगडाच्या पायथ्याला जाते. तिला मामांच्या गाडीसारखा आवाज नाही. शेजाऱ्यांची बुलेट सुरू झाली की मी अजूनही खिडकीशी जातो.