मुलं आहेत, म्हणून खोटी?

माटुंग्याच्या बाजारात गजरा घेताना शेजारणीच्या गळ्यात मंगळसूत्र अन् कडेवर मूल दिसलं, की तिचा संसार मनासारखा असणार, असं आपण धरूनच चालतो. नाही का? पण मनातलं गळ्यातल्या मण्यांवरून कुठं कळतं?

हीच चूक कोर्टातही होते. अडेरोंके अपाता या नायजेरियाच्या. तिथं समलिंगी संबंधांना तुरुंगवास आहे. स्त्रीवर प्रेम करतो म्हणून जिवाला धोका, असं सांगून त्यांनी ब्रिटनकडे आश्रय मागितला. अशा अर्जाला कागदाचा पुरावा कुठून आणायचा? सांगणारीवर विश्वास बसायला हवा. २०१५ साली लंडनच्या हायकोर्टात सरकारी वकील म्हणाले, यांना मुलं आहेत, पूर्वी पुरुषाशी संबंध होता. मग या समलिंगी कशा? अपाता हरल्या. आश्रय मिळाला तो २०१७ साली.

युरोपीय संघाच्या न्यायालयानं २ डिसेंबर २०१४ रोजीच बजावलं होतं: शरीरसंबंधांचे तपशील खोदून विचारू नका, ठरीव समजुतींवरच निकाल देऊ नका, उशिरा सांगितलं एवढ्यावरून खोटं ठरवू नका.

मैत्रिणींनो, लग्न कित्येकींचं ठरतं ते घरच्यांच्या शब्दावर. उद्या एखादी भाची धीर करून बोलू लागली, तर “मग लग्नाला उभी कशी राहिलीस?” असं विचारू नका. आधी तिचं ऐकून घ्या.